केबलवाल्याच्या घरातली शांतता

रेवणप्पाच्या घरात शिरायचं तर चपला वाजू द्यायच्या नाहीत, खोकला आला तर गिळायचा, आणि बोलायचंच असेल तर परसात जाऊन बोलायचं. दीडेक वर्षं हा कायदा होता. मी एसटीत कंडक्टर म्हणून जन्म काढला. "पुढं सरका, पुढं सरका" करून करून माझा आवाज असा झालाय, की मी घरात मीठ मागितलं तरी गल्लीतली माणसं दार उघडून बघतात. अशा माणसाला उंबऱ्यावर बोट दाखवून गप्प बसवायचं म्हणजे काय चेष्टा आहे? पण बसलो. दोस्ती लई जुनी होती, आणि आत एक लेकरू होतं.

आधी रेवणप्पा कोण ते सांगतो, नाहीतर म्हणाल, कंडक्टरनं पॅसिंजर चढायच्या आधीच घंटी मारली.

उदगीरच्या आमच्या गल्लीत त्याचं घर पुढं, माझं मागं, आणि दोघांच्या परसाची भिंत एकच. ते लिंगायत, आम्ही बौद्ध. त्याच्या घरची शेंगदाण्याची चटणी भिंतीवरून इकडं येते, आमच्या घरची खीर तिकडं जाते, हे त्याच्या बापापासून चालू आहे. रेवणप्पा तरणा असताना हैदराबादेत मामाकडं राहून रेडिओ दुरुस्ती शिकून आला. तेव्हा लातूर नवा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. जिल्हा झाला म्हणजे आता सगळं येणार, अशी हवा होती. रस्ते येणार, हापिसं येणार, पाणी येणार. त्यातलं काही आलं, काहीची अजून वाट बघून राहिलोय. आमच्या गल्लीत टीव्ही मात्र आला, आणि तो रेवणप्पानं आणला.

कुणाचा तरी बंद पडलेला डबा त्यानं चालू केला. स्लॅबवर लोखंडी पाइपाचा उंच खांब, त्याच्यावर ॲन्टिना. दिवस मावळायला लागला की गल्ली त्याच्या ओसरीत हजर. तो वर खांब फिरवतोय, मी खाली दारात उभा. तो वरून विचारायचा, "आलं का?" मी पडद्याकडं बघायचो. नुसत्या मुंग्या. "न्हाई." तो थोडं फिरवायचा. "आता आलं का?" "आलं, आलं. गेलं." "आता?" "आलं. हात काढ, हलवू नको." मग ओसरीतून असा आवाज उठायचा, जसं काही आम्हीच ते चित्र विहिरीतून शेंदून काढलंय. बऱ्याचदा सापडायचं ते गुलबर्ग्याकडचं, कन्नडमधलं. पार्वतम्मा, म्हणजे रेवणप्पाची बायको, तेव्हा नवी नवरी होती. औरादकडची, कन्नड तिची घरची भाषा. ती पदर सावरून सगळ्यांना मराठीत सांगायची, की तो माणूस कापसावरच्या किडीबद्दल बोलतोय. आम्ही तेवढ्यावर खूश. किडीबद्दल का होईना, कुणीतरी आपल्याशी बोलतंय.

पुढं केबल आली आणि रेवणप्पा केबलवाला झाला. आमच्या निम्म्या गावात त्याच्या वायरी. माणूस सरळ, पण बोलणं सगळं सिग्नलचं. कुणाच्या घरात भांडण झालं की म्हणायचा, "दोघांची फ्रिक्वेन्शी एकच झाली, मंग खरखर व्हणारच." माझी बायको पंचफुला एकदा आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, तर यानं येऊन मला विचारलं, "जॉइंट कुटं सुटला?" असा माणूस. त्याच्यावर राग धरणं म्हणजे आपल्याच डोक्याला ताप.

त्याला एकच पोरगा, मल्लिकार्जुन. हुशार निघाला, पुण्याला इंजिनिअर झाला. तिथं नव्या नोकरीत साहेबांसमोर "सर, मी तेच काम करून राहिलोय" असं म्हणाला आणि सगळी खोली हसली. झालं. त्या दिवसापासून पोरगा इस्त्री केल्यासारखं बोलायला लागला. फोनवर बापाला "बाबा, आपण जेवलात का" विचारायचा. रेवणप्पा फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडं बघायचा, की हा नंबर बरोबर लागलाय ना.

मल्लिकार्जुनला मुलगी झाली, ईश्वरी. आम्ही सगळे इशू म्हणतो. तो आणि त्याची बायको महानंदा, दोघं नोकरीला, सांभाळायला कुणी नाही. म्हणून पोर दहा-अकरा महिन्यांची असताना उदगीरला आणून सोडली. शाळेत घालायच्या वेळेला न्यायचं ठरलं. महानंदा बसमध्ये चढताना इतकी रडली, की मला माझ्या नोकरीतली सगळी माहेरवाशिणींची रडणी आठवली. मल्लिकार्जुन रडला नाही. त्यानं बापाला बाजूला घेऊन सांगितलं, "बाबा, हिच्यासमोर आपलं ते लई, हाय, न्हाई नको. आई कन्नड बोलते, तुम्ही बाजारातलं उर्दू मिसळता. मला लोक हसले, हिला हसायला नकोत. टीव्हीवर चांगली मराठी असते, ती ऐकू द्या."

दुसरा कुणी असता तर "हाव हाव" म्हणाला असता आणि आपल्या पद्धतीनं पोर वाढवली असती. पण हा पडला सिग्नलचा माणूस. त्यानं विचार केला, की एका वायरीत तीन स्टेशनं घुसली की पडद्यावर मुंग्या येतात. पोरीच्या डोक्यात मुंग्या नको असतील तर बाकीची स्टेशनं बंद करायची आणि एकच साफ च्यानल सोडायचा. म्हणून त्यानं घराला कायदा केला. इशू जागी असेल तोवर घरात कुणी तोंड उघडायचं नाही.

बरं, घरात तोंड कुणाचं? पार्वतम्माचं. ही बाई चुलीशी बोलायची, मांजराशी बोलायची, भाकरी फुगली नाही तर भाकरीला जाब विचारायची. ती गप्प झाली. पोरीला आंघोळ घालायची तर मुक्यानं, भरवायची तर मुक्यानं. बाहेरच्या खोलीत भला मोठा टीव्ही, त्याच्यासमोर सतरंजी, सतरंजीवर इशू. सकाळी गाणी, मग कार्टून, मग मालिका. तोंडात घास गेला तरी पोरीला मालूम नसायचं. गावातल्या बायका यायच्या आणि म्हणायच्या, "किती गुणाचं लेकरू गं, बिलकुल त्रास न्हाई." पार्वतम्मा नुसती मान हलवायची. मग पोर झोपली की परसातल्या भिंतीशी येऊन माझ्या पंचफुलाशी इतकं बोलायची, की पंचफुलाचा स्वयंपाक राहून जायचा.

मी काही गप्प बसलो नाही. परसात ओढून नेऊन मी रेवणप्पाला म्हणालो, "अरे, लेकरू हाय का कनेक्शन?" तो म्हणाला, "व्यंकट्या, तुझा आवाज जास्त हाय, तू जरा लांबूनच बोल." आता काय करता?

इशू दोन वर्षांची झाली. मग अडीच झाली. बोलेना. "आई" नाही, "दूध" नाही, "दे" नाही. पाहिजे असलेली वस्तू दिसली की आपल्या आज्जीचा हात धरून त्या वस्तूवर नेऊन ठेवायची. जाहिरातीची एक धून मात्र नाकातल्या नाकात बरोबर गुणगुणायची. रेवणप्पा म्हणायचा, "साठवून राहिली हाय. सुरू झाली की धाडधाड बोलंल."

एक दिवस मी तिच्या मागं उभा राहिलो आणि मुद्दाम हाक मारली, "इशू." माझा आवाज म्हणजे बसस्टँडवरची कुत्री उठतात. पोरीनं मान वळवली नाही. परत हाक मारली. नाही वळवली. आणि टीव्हीवर ती जाहिरात लागली, तशी खेळता खेळता गर्रकन फिरली. खरं सांगतो, मी भ्यालो. पार्वतम्मा दारात उभी राहून ते बघत होती. तिनं तोंडाला पदर लावला. रेवणप्पानंही बघितलं होतं. त्यानं पहिल्यांदाच टीव्हीचा आवाज बंद केला आणि मला विचारलं, "कान तर गेले नसतील ना रे?"

दुसऱ्या दिवशी आम्ही लातूरला निघालो. मी सोबत गेलो, कारण एसटीत मला खिडकीची जागा अजून मिळते. तो दुष्काळाचा उन्हाळा होता. लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. वाटेत शेतं नुसती भाजलेली, नळगीरपासून पुढं हिरवं म्हणून काही दिसलं ते एसटीच्या सीटचं कापड. दवाखान्यात पाटी होती, पिण्याचं पाणी घरून आणा. आम्ही आणलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी कान तपासून घेतले. कान चांगले निघाले. रेवणप्पानं तिथंच हात जोडले. मग बाईंनी विचारलं, "घरात हिच्याशी कोण कोण बोलतं?"

रेवणप्पा छाती काढून म्हणाला, "कुणीच न्हाई. एक वाकडा शब्द हिच्या कानावर जाऊ दिला न्हाई आम्ही. उठल्यापासून झोपंपर्यंत टीव्ही. त्योबी नुसता मराठी."

बाईंनी हातातला पेन खाली ठेवला. मग म्हणाल्या, "ही आ म्हणाली तर टीव्ही काय म्हणतो?"

"त्यो काय म्हणंल? त्याचं त्याचं चालू ऱ्हातं."

"तेच तर आहे. लेकरू आवाज काढतं, समोरचं माणूस काहीतरी उत्तर देतं, मग लेकरू परत आवाज काढतं. असं दिवसभर चालतं तेव्हा बोलणं येतं. टीव्ही हिच्यासाठी थांबत नाही. आणि माणसं थांबणारी होती, ती तुम्ही गप्प केली. हिनं बोलायचं कुणाशी?"

"पर आमची भाषा मिक्स हाय, बाई. कन्नड हाय, मराठी हाय, उर्दू हाय. डोस्क्यात घोळ व्हईल."

"होत नाही घोळ. दोन-तीन भाषा लेकरं सहज उचलतात. घरी जाऊन टीव्ही बंद करा, मोबाइल दाखवू नका, आणि जी येते त्या भाषेत बोला. दुसरं काही कारण असेल तर ते आज नाही सांगता येणार. पावसाळ्यात परत आणा, मग बघू."

येताना रेवणप्पा एसटीत माझ्या शेजारी बसला. उदगीर जवळ आलं तेव्हा म्हणाला, "पावसाळ्यात बघू म्हणल्या. म्हंजे बोलंल का न्हाई, ते त्यांनाबी मालूम न्हाई." मी म्हणालो, "न्हाई." खोटं काय बोलायचं? मग तो म्हणाला, "सगळा जन्म हिकडून च्यानल सोडत आलो रे मी. तिकडून कुणी काय म्हणतंय ते कधी ऐकलंच न्हाई." पार्वतम्मा खिडकीशी बसली होती. ती पोरीला मांडीवर घेऊन तिच्या कानाशी लागली आणि बोलायला लागली. कन्नडमध्ये. बाभूळ दाखवली, म्हैस दाखवली, कोरडं तळं दाखवलं. तुंबलेली मोरी फुटावी तशी बाई बोलत होती आणि डोळ्यातून पाणी गळत होतं. इशू खिडकीबाहेर बघत होती, तिला कशाचंच काही नाही.

घरी आल्यावर रेवणप्पानं टीव्हीची वायर काढली आणि पडद्यावर चादर टाकली. गावाला टीव्ही दाखवणाऱ्याच्या घरात टीव्ही बंद. आता सोपं झालं असं वाटलं असेल तुम्हाला. कशाचं आलंय सोपं? पोर चादर ओढायची, पडद्यावर थपडा मारायची, जमिनीवर लोळून घर डोक्यावर घ्यायची. टीव्हीशिवाय घास तिनं कधी खाल्लाच नव्हता. ताट भिरकावलं, वरण भिंतीवर. पार्वतम्मा हातापाया पडायला आली, "थोडा लावा हो, जेवणापुरता." रेवणप्पाचा हात दोनदा वायरीपर्यंत गेला, मी बघितलाय. दोन्ही वेळा मागं घेतला.

आणि बोलायचं म्हणजे काय बोलायचं, हे त्याला कुठं येत होतं? पोरीसमोर मांडी घालून बसायचा आणि म्हणायचा, "हॅलो." मग गप्प. मी म्हणालो, "अरे, टेस्टिंग करून राहिला का काय?" मग हळूहळू जमलं. खिळा ठोकताना "खिळा ठोकू का?" असं पोरीला विचारायचा आणि थांबायचा. ती बघायची नाही. तो तरी थांबायचा.

मल्लिकार्जुनचा फोन आला. इकडचं कळल्यावर तो चिडला. "बाबा, आता ती तुमच्यासारखी बोलायला लागेल." रेवणप्पा जन्मात पोरावर ओरडला नव्हता. तेव्हाही ओरडला नाही. म्हणाला, "मल्ल्या, लोक तुला हसले, कारण तू बोललास. हिला हसायलाबी काय न्हाई रे. माझी नात माझ्यासारखी बोलू दे, नायतर म्हशीसारखी बोलू दे, पर बोलू दे." मग मल्लिकार्जुन त्याच्या जुन्या भाषेत म्हणाला, "बरं, बाप्पा." आणि महानंदा रोज संध्याकाळी फोन करून पोरीच्या कानाला लावायला सांगायला लागली. नुसता आवाज, चित्र नाही.

आता पाण्याचं सांगतो. नळाला पाणी यायचं बंदच होतं, गल्लीत टँकर यायचा. आमचे दोघांचे हौद परसात, आणि टँकर थांबणार पुढच्या रस्त्यावर. मग टँकरचा पाइप रेवणप्पाच्या स्लॅबवरून मागं टाकायचा. आधी त्याचा हौद, मग भिंतीवरून माझा. स्लॅबच्या कठड्याला पाइपाला मुडप पडायची आणि पाणी अडायचं. म्हणून रेवणप्पा वर, मी खाली हौदाशी. हौदावर पत्रा टाकलेला, वरून त्याला काही दिसायचं नाही. तो विचारायचा, "आलं का?" मी ओरडायचो, "न्हाई." तो मुडप काढायचा. "आता आलं का?" "आलं, आलं. गेलं." तीस वर्षांनी आमची तीच जोडी, तेच काम.

पार्वतम्मा इशूला काखेत घेऊन तिथं उभी असायची. पहिल्या खेपेला पोरगी रडली, माझ्या आवाजानं असेल. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मला दिसलं, की वरून आवाज आला की ती वर बघते, मग माझ्या तोंडाकडं बघते. मी "न्हाई" म्हणालो की परत वर बघते. मी पंचफुलाला सांगितलं, ती म्हणाली, "तुमाला भास झाला." मग मी मुद्दाम उत्तर द्यायला थोडा उशीर करायला लागलो. पोरगी माझ्या तोंडाकडं टक लावून बघायची. मी "न्हाई" म्हणालो की खुदकन हसायची. घरातसुद्धा आता हाक मारली की वळायची. पण शब्द नाही. मृग जवळ आला, पावसाळा तोंडावर आला, शब्द नाही. रेवणप्पा रात्रंदिवस एकच धास्ती घेऊन बसलेला, बाईंकडं कुठल्या तोंडानं जायचं.

एक दिवस टँकर आला आणि ड्रायव्हर म्हणाला, आज एकच हौद भरणार. माझं टाळकं सरकलं. मी परसातून घराच्या कडेच्या वाकड्यातिकड्या बोळानं पुढं गेलो आणि त्याच्याशी भांडायला लागलो. पार्वतम्मा खराटा घेऊन हौदाचा तळ खरवडत होती, तिचं डोकं आत. इशू पत्र्याच्या सावलीत उकिडवी बसलेली. वर रेवणप्पानं विचारलं, "आलं का?"

मी भांडणात. कुणी बोललं नाही.

"अरे, आलं का?"

मग मी ओ द्यायला तोंड वर केलं, आणि घरामागून आवाज आला. बारीक, चिरका, कधी न ऐकलेला.

"अज्जा, न्हाई."

अज्जा म्हणजे कन्नडमध्ये आजोबा, तो पार्वतम्माचा शब्द. न्हाई माझा. पुण्याला हसले असते असे दोन्ही शब्द. मी ड्रायव्हरला तिथंच सोडून बोळानं मागं पळालो. पार्वतम्मा हौदातून डोकं काढून तशीच थिजली होती, खराटा हातात. मग पाइप हलला, मुडप सुटली, आणि पाण्याची धार हौदात पडायला लागली. इशूनं पुढं होऊन धारेखाली हात धरला.

वरून रेवणप्पानं विचारलं, "आलं का?" त्याचा आवाज फाटला होता. रडत होता, हे पत्र्याखालीसुद्धा कळलं.

"आलं," इशू म्हणाली.

तो परत म्हणाला, "आलं का गं?"

"आलं."

हौद भरला. पाणी काठावरून परसात वाहायला लागलं. त्या उन्हाळ्यात सांडलेल्या घागरीवरून आमच्या गल्लीत डोकी फुटली होती. पाइप उचलून भिंतीवरून माझ्या हौदात टाकायचं काम माझं होतं. मी उचलला नाही. पार्वतम्मानं उचलला नाही. पुढून ड्रायव्हर शिव्या घालत होता, त्याला घालू दिल्या. वरून रेवणप्पा विचारतच होता, आणि भिजलेल्या फ्रॉकातली ती पोरगी चिखलात उभी राहून दर वेळी त्याला सांगत होती, "आलं, अज्जा."